नऊ सुयांच्या चौदा झाल्या

"अबे, तुह्या बायकोच्या पोटाचा फोन आला!"

मुनीमजी ऑफिसच्या दारातून ओरडला. एका हातात टेलिफोनचा चोंगा. दुसऱ्या हाताने मला खूण, तिथंच थांब. मी तीन पायऱ्या खाली, आवारात उभा राहिलो. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगचा हंगाम होता. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, फाटकापर्यंत लागलेल्या. बंडीवाले, हमाल, बाया, सगळे हसले. बायकोच्या पोटाचा फोन म्हटल्यावर हसणारच.

फोन वर्ध्याच्या दवाखान्यातून होता.

"कंपाउंडर विचारून राह्यला, दोन दिवस झाले, बाई सुईले काऊन नाई आली?"

मी खालून ओरडलो, "सुट्टी भेटली नाई, मुनीमजी."

सुट्टी न देणारा तोच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चोंग्यात म्हणाला, "सुया दुखतात म्हणते, साहेब. अडाणी लोक, काय करता."

माझ्या डोळ्यांदेखत माझं उत्तर बदललं.

घडलं होतं ते असं. माझी बायको भागा याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला होती. मी चौथी शिकलेला, म्हणून काट्यावर बंड्यांची वजनं मांडायला. आवारात एक भटका कुत्रा शिरला. आधी मालकाच्या बंडीच्या बैलाला थोबाडावर चावला, मग भागाच्या पिंढरीला. तिसऱ्या दिवशी कुत्रा लाळ गाळत मेला. कुत्रा मेला म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक. तो आजार उठला की पाण्याचा घोट उतरत नाही, आणि त्यातून माणूस परत येत नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटात चौदा सुया. रोज एक. मध्ये खंड नको.

तिथल्या कंपाउंडरची एक पद्धत होती. त्याच्या रजिस्टरात प्रत्येक चावलेल्या माणसापुढे चौदा घरं आखलेली. सुई झाली की त्या घरात तारीख. घर रिकामं राहिलं की त्या माणसाच्या जवळपास जिथं टेलिफोन असेल तिथं तो फोन लावायचा. कुठं स्टेशन, कुठं पोलीस ठाणं. आमच्या नावापुढे त्याने आमच्या जिनिंगचा नंबर लिहिला होता. "निरोप द्यायले कोणी आहे ना तिथं?" त्याने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "मुनीमजी आहेत."

भागाने नऊ सुया घेतल्या. पोट कढईसारखं झालं होतं, बोट लावू देत नव्हती. तरी तिकीट काढून मोटारीने वर्ध्याला जायची, दुपार कलल्यावर येऊन पुन्हा कापसात बसायची. दहाव्या दिवशी आवार बंड्यांनी भरलं. मुनीमजी म्हणाला, "आज गेली तं उद्यापासून येऊ नको. दोघंबी." घरात आई, तीन लेकरं. आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि तिसऱ्या दिवशी हा फोन.

चोंग्यावर तळवा दाबून मुनीमजी मला म्हणाला, "रोज रोज ही कटकट काऊन पाह्यजे? मालकाचा टेलिफोन हाय का तुह्या बायकोच्या पोटासाठी लावला? सांगून टाकतो, बाकीच्या बाहेरगावी घेऊन चौदा पुऱ्या करते म्हणून. मंग नाई करत तो फोन."

मागे अजून हसणं चालू होतं. एक बंडीवाला दुसऱ्याला विचारत होता, "पोटाचा फोन कितव्या महिन्यात येते गा?"

मी म्हणालो, "जी, मुनीमजी."

हे लिहिताना हात अडतो, पण लिहायलाच हवं. मी जी म्हणालो. मला वाटलं, फोन बंद होईल, सुया थोड्याच बंद होतील? उद्या-परवा सुट्टी मिळाली की जाऊ. फोन वेगळा, सुई वेगळी, असा माझा समज. मला फक्त ते हसणं थांबायला हवं होतं.

तेव्हा आम्हाला दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. नागपूरहून परत येताना मी भागाला म्हणालो होतो, आता कोणापुढं वाकायचं नाही. घरातले देव काढले. मेलेलं ढोर ओढणं सोडलं. पण त्या पायऱ्यांखाली जाऊन उभं राहणं मात्र सुटलं नव्हतं. कोणी सांगायच्या आत पाय आपोआप तिथं थांबायचे. तसा कुठं लेखी नियम नव्हता.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही सुट्टी नाही. चार घरं रिकामी गेली.

पाचव्या दिवशी सकाळी मालकाच्या त्याच बैलाने वैरण सोडली. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली, खुंट्याला धडका मारायला लागला. मुनीमजी धोतर सावरत ऑफिसात पळाला. मी काट्यावरून ऐकत होतो. टेलिफोनचं हँडल त्याने किती वेळ फिरवलं! "अर्जंट, अर्जंट" म्हणून वर्ध्याचा नंबर मागितला. लागला नाही, पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा लागला. "डॉक्टरसाहेब, ताबडतोब या. मोटार पाठवतो. मालकाचा जीव हाय त्या बैलावर."

दीड तासात ढोरांचे डॉक्टर आले. लांबूनच पाहून म्हणाले, "हा जात नाही आता. याने कोणाला लाळ लावली? हा कुत्रा आणखी कोणाला चावला?"

मुनीमजी म्हणाला, "कोणालेच नाई."

भागा दहा हातांवर कापूस निवडत बसली होती.

मी खडू काट्यावर ठेवला. भागाजवळ गेलो. "ऊठ. दवाखान्यात जायचं."

"अवो, मुनीम—"

"ऊठ म्हणतो ना."

मोटारीत ती एकच वाक्य बोलली. "बैल पाह्यला म्या. तुम्ही पोरांले तसं मले पाहू देऊ नका."

दवाखान्यात कंपाउंडरने रजिस्टर उघडलं आणि चष्मा कपाळावर नेला. "तुमचं तं पूर्ण झालं. तुमच्याच जिनिंगमधून सांगितलं. इथं दुखतात म्हणून बाकीच्या बाहेरगावी घेऊन चौदा पुऱ्या करते म्हणे. मी शेरा मारला, उरलेली औषधं दुसऱ्या पेशंटला दिली."

"नऊच झाल्या, साहेब."

"मग तिथला माणूस खोटं कशाला बोलेल?"

त्याने जिनिंगला फोन लावला. लागल्यावर एवढंच म्हणाला, "दवाखान्यातून बोलतो. थांबा," आणि चोंगा माझ्यापुढे धरला. "घ्या. तुम्हीच विचारा."

त्याने तो सहज धरला होता, पाण्याचा पेला पुढे करावा तसा. मी आयुष्यात कधी चोंगा धरला नव्हता. उलटा धरला. त्याने हसू न येऊ देता सरळ करून दिला.

तिकडून आवाज आला, "जी साहेब. हुकूम साहेब." मुनीमजीचाच आवाज. इतका मऊ आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"साहेब नाई. मी बोलून राह्यलो."

"मी कोण?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्या जिनिंगमध्ये ते कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

तिकडचा आवाज चढला, "चोंगा कोणं देल्ला बे तुह्या हातात?"

"भागाच्या नऊ सुया झाल्या. चौदा नाई. हे तुम्ही तुमच्या तोंडानं कंपाउंडर साहेबांले सांगा."

"अबे, तूच तं जी म्हटलं होतं!"

"म्हटलं. ते माह्यं चुकलं, ते मी इथं कबूल करतो. आता तुमचं तुम्ही सांगा."

मी चोंगा कंपाउंडरला दिला. त्याने ऐकलं. "हं. हं." मग खाली ठेवला. जुना शेरा त्याने खोडला नाही. खाली नवी ओळ घेतली, भागाचं नाव पुन्हा लिहिलं आणि पट्टी लावून नवी चौदा घरं आखली.

"डॉक्टरसाहेबांना विचारतो, पण खंड फार पडला. पहिल्यापासून घ्याव्या लागतील."

भागा बाकावरून बोलली. "म्हणजे नऊ आन चौदा. तेवीस." मग माझ्याकडे वळली. "तुमच्या एका जीपायी माह्या पोटात किती सुया जास्तीच्या गेल्या, मोजा आता. मोजता येते ना तुम्हाले?"

मला मोजता येत होतं.

ती आत गेली. मी बाहेर उभा. पहिल्या सुईला ती ओरडली नव्हती, या वेळी ओरडली. सुजलेल्या पोटात सुई जाताना काय होतं ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. त्या दिवशी मी स्वतःला एक गोष्ट बजावली. लोक हसतात म्हणून आपल्या माणसाच्या जिवाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं नाही. हसतील ते हसतील.

आम्ही जिनिंगमध्ये परत गेलो नाही. सेवाग्रामच्या रस्त्याला भागाची बहीण राहायची, आई-लेकरांसकट तिच्या पडवीत चौदा दिवस काढले. मी खडी फोडली. चौदाही घरं भरली, एकही रिकामं नाही. पण डॉक्टर म्हणाले होते, इतका खंड पडल्यावर हमी देता येत नाही, आजार महिन्यांनीही उठू शकतो. भागाने पाण्याचा पेला तोंडाला लावला की मी तिच्या गळ्याकडे बघायचो. घोट उतरला की मीही गिळायचो. तिला ते कळायचं. "पाहू नका ना तसं," म्हणायची. अशी दोन वर्षं गेली आहेत. ती आहे. मी अजून बघतो.

चौदावी सुई झाली त्या संध्याकाळी जिनिंगचा जमादार सायकलवर आला. चांगला माणूस होता, उतरून ओट्यावर टेकला. म्हणाला, "मुनीमजीनं निरोप देल्ला. काट्यावर माणूस नाई. तू येऊन पाया पडून माफी माग, दोघांले कामावर घेतो म्हणते. ये बाप्पा, लेकरं हायत तुले."

घरात पीठ नव्हतं, हे त्याला दिसत होतं. भागा दारात उभी, पोटावर हात धरून. मी काय म्हणतो याची वाट पाहत होती.

मी म्हणालो, "दादा, त्याले सांगजो. माफी माह्याकडं निघत नाई, त्याच्याकडं निघते. भागाची. आन ती इथं येऊन मागायची, तिच्यासमोर."

"असं कसं सांगू मी त्याले?"

"मी बोललो तसंच. एकबी शब्द बदलू नको."