कण्हणारी मोटर

रविवारी सकाळी वाघोलीच्या माळावर आम्ही हौशी ड्रोनवाले जमतो. तिथे एक गृहस्थ येतात. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. कुणाच्या ड्रोनमधून घरघर यायला लागली की ते म्हणतात, "अहो, आधी पंखे काढा. बोटं नकोशी झालीत का?" मग डोळे मिटून एकेक मोटर बोटानं फिरवतात, जणू सतार लावताहेत.

गेल्या रविवारी माझी एक मोटर अशीच कुरकुरत होती. "मातीत उतरवलात ना?" म्हणत त्यांनी चिकटपट्टीच्या टोकानं आतली धूळ अलगद उचलली. ड्रोन वर गेला आणि धुक्यात आवाजासकट विरघळला.

त्यांचा स्वतःचा ड्रोन मात्र वरून बारीक कण्हत होता. ते उडवत होते, पण नजर जमिनीकडेच.

"तुमचीही मोटर साफ करा की," मी म्हटलं.

"आणि उतरवू कसा? वर गेलेलं मला हल्ली दिसतंय कुठे!"

ते कण्हणं हळूहळू जवळ आलं आणि त्यांच्या पायाशी येऊन टेकलं.

मीही डोळे मिटून कान दिला. माझा ड्रोन वर होता, पण कुठेच नव्हता.