पापण्या असलेला माकूळ

डिग्री मिळालेला माणूस कॉलेजच्या आठवणी सांगतो, न मिळालेला किस्से सांगतो. माझ्याकडं आठवण एकही नाही, किस्से मात्र पोत्यानं आहेत. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा निघतो. आणि गंमत बघा, सगळे एकाच प्राण्याभोवती गोळा झालेत. माकूळ! म्हणजे आपला स्क्विड. कोल्हापुरातून समुद्र काही दिसत नाही, पण आमच्या झूऑलॉजीच्या मोठ्या सरांचा हा प्राणी भारी लाडका. 'माकूळ रंग कसा व का बदलतो?' हा प्रश्न प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला ठरलेला.

त्या प्रॅक्टिकलमध्ये मी एकदा आपटलो होतो. बाकी सगळे विषय सुटलेले. वडलांनी गारगोटीहून निरोप धाडला, "ह्या खेपंला बी न्हाय जमलं तर कॉलेज बंद. मामाच्या गुऱ्हाळावर जायाचं, जाळ घालायला." एवढं ध्यानात ठेवा आणि मग पुढचं ऐका.

*

डिपार्टमेंटला माकुळाचा चार्ट हवा होता. सरांनी टॉकीजवरची पोस्टरं रंगवणारा पेंटर बोलावला.

"सर, रंग कुठला देऊ?"

"तो रंग बदलतो. कधी पिवळा, कधी लाल, कधी तपकिरी, कधी पांढरा."

"मग चार चित्रं काढू?"

"एवढी भिंत आहे का आपल्याकडं? एकातच बसवा."

पेंटरनं बसवलं. शेपटापासून डोक्यापर्यंत चार पट्टे! आणि हाताला सवयच ती, डोळ्यांना लांबसडक पापण्या काढल्या, हिरॉइनला काढतात तशा. सर लांब उभे राहून म्हणाले, "वा! किती जिवंत वाटतो!"

तेव्हापासून अख्खं कॉलेज चार पट्ट्यांचा, पापण्यांचा माकूळ काढतंय. माझा खोलीतला जोडीदार दत्त्या, नेसरीचा. त्यानं पट्टे काढले, पापण्या तेवढ्या राहिल्या. जर्नलवर लाल शाईचा शेरा आला, 'आकृती अपूर्ण'.

*

आता हा रंग बदलतो कशानं? सरांचं शास्त्र सोपं होतं.

"राग आला की आपण लाल होतो ना? रक्त चढतं. तसंच माकुळाचं. लिहा."

वर्गानं लिहिलं. दत्त्या उठला. "सर, मग पिवळा कशानं हुतोय? कावीळ हुतीया व्हय त्याला?"

"बाहेर हो!"

दत्त्या बाहेर गेला. तो जाताना मी सरांकडं बघितलं. सर लाल झाले होते. निदान अर्धं शास्त्र तरी खरं निघालं!

*

मग सहल निघाली, रत्नागिरीला. जिवंत समुद्र बघायचा म्हणून आम्ही एस.टी.त रात्रभर जागे. बंदरावर होडी लागली, जाळं उलटलं, आणि त्यात माकूळ! पट्टे नाहीत, पापण्या नाहीत. काचेसारखं अंग, त्यावर तिळाएवढे ठिपके. दत्त्यानं बोट लावलं मात्र, ठिपके भसाभसा पसरले. अख्खा माकूळ तांबूस तपकिरी! बोट काढलं, परत ठिपके तिळाएवढे. अंगावरून ढगाची सावली सरकावी तसा रंग सरकत होता. आम्ही येड्यासारखे बघत बसलो.

आणि आमचे सर? पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल, समुद्राकडं पाठ, आणि डिक्टेशन चालू! "माकुळाच्या अंगावर चार पट्टे असतात..."

मी ओरडलो, "सर, मागं बघा की! सगळाच्या सगळा लाल झाला, परत पांढरा पण झाला!"

सर वळले नाहीत. म्हणाले, "तो पाण्याबाहेर आहे. आपला नियम पाण्यातला आहे. मागं बघू नका, पुढं लिहा!"

*

ते ठिपके काही डोक्यातून जाईनात. कोल्हापुरात आल्यावर लायब्ररीतून समुद्री प्राण्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली, छापखान्यातून आली तशी. म्हणजे आजवर कुणी उघडलंच नव्हतं! मी ब्लेडनं एकेक पान सोडवलं आणि डिक्शनरी घेऊन वाचत बसलो.

कातडीत रंगाच्या बारीक लवचिक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीला चहूबाजूंनी स्नायू. चार पोरांनी घोंगडं चार टोकांना धरून ओढलं की पसरतं, सोडलं की गोळा होतं, तसंच. मेंदूकडून हुकूम सुटला की स्नायू ओढतात, पिशवी पसरते, रंग दिसतो. सोडले की नुसता ठिपका. रक्ताचा संबंध नाही, म्हणून तर पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. त्या पिशव्यांखाली आणखी एक थर, आरशासारखा उजेड परतवणारा. हिरवी-निळी झाक तिथून येते. हे सगळं कशासाठी? लपायला, शत्रूला दचकवायला, मादीवर छाप पाडायला. आणि कहर म्हणजे, एवढे रंग उधळणाऱ्या या गड्याला स्वतःला बहुतेक रंग ओळखताच येत नाहीत!

पुस्तक परत करायला गेलो. सर तिथंच बसलेले. कापलेली पानं बघून त्यांचा आवाज कापायला लागला.

"अरे, किती जपलं होतं आम्ही हे पुस्तक! एक बोट लागू दिलं नव्हतं!"

*

डेमॉन्स्ट्रेटर चौगुले तेवढे शहाणे, असं आम्हाला वाटायचं. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता मी त्यांना पिशव्यांचं सांगितलं.

"बरोबर आहे की तुझं," चौगुले खूश झाले. "मला कधीपासून माहीत आहे. स्नायू पिशवीला ओढतात आणि पिशवी पसरते..."

तेवढ्यात दारात मोठे सर दिसले.

"...असं काही अर्धवट लोक म्हणत असतात! नमस्कार सर, या, बसा."

वाक्य तेच, श्वास तोच. माकुळालाही एवढं जमायचं नाही!

*

शेवटी प्रॅक्टिकल आलं. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक, शेजारी मोठे सर. दत्त्यानं सकाळीच बजावलं होतं, "लका, सरांचंच सांग. गुऱ्हाळाच्या जाळापुढं बसल्यावर तुझं खरं कोण ऐकणार हाय?"

परीक्षकांनी विचारलं, "माकूळ रंग कसा बदलतो?"

खरं सांगतो, सरांचं उत्तर जिभेवर आलं होतं. पण बोटाखाली पसरलेले ते ठिपके आठवले आणि मी पिशव्यांपासून सुरुवात केली. स्नायू सांगितले, आरशासारखा थर सांगितला. परीक्षक खुर्चीत पुढं सरकले.

"आणि का बदलतो?"

तेही सांगितलं. मग त्याला स्वतःला रंग कळत नसावेत, हेही सांगून टाकलं.

सर ताडकन म्हणाले, "ज्याला रंग कळत नाही तो रंग बदलेल कसा?"

"त्याला उजेड-अंधार कळतो, सर. तेवढ्यावर भागतं त्याचं."

परीक्षक हसले. "छान!" म्हणाले. सर त्यांच्याकडं झुकून हळू म्हणाले, "हे आमच्या शिकवण्यात नाही." परीक्षकांनी हसू आवरलं. दुपारचं जेवण सरांच्या घरी होतं.

"ठीक आहे. या तुम्ही."

निकाल लागला. दत्त्या पास. चौगुल्यांनी मला बघून रस्ता बदलला. मी ट्रंक घेऊन निघालो, तर जिन्यात मोठे सर भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

"वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ. परीक्षकसुद्धा जेवताना म्हणत होते, तुझं उत्तर अगदी बरोबर होतं. ऑक्टोबरला जरा सुधारून ये!"