वीस पेले गोड पाणी

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला हसण्याचा रोग होता. कोणी शिंकलं तरी हसू यायचं. कोणी डोळे वटारून "हसू नकोस" म्हटलं, की मग तर विचारूच नका. आई म्हणायची, सासरचे आठ दिवसांत परत आणून सोडतील. सासरही फार लांब नव्हतं, वडिलांनी दोन ठिकाणी पत्रिका देऊन ठेवल्या होत्या. तेवढ्यात मला पनवेलच्या एका डॉक्टरांकडे काम मिळालं. आधी बाटल्या धुवायच्या, काचपट्ट्या पुसायच्या. पुढे पुढे रक्त आणि लघवीही तपासायला मिळू लागली. नळीत औषध घालून तापवलं की पाण्याचा रंग बदलतो, हे ज्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी मी भर बाजारातून उड्या मारत घरी गेले. दोघांनी तर वडिलांना येऊन सांगितलं, मुलीकडे लक्ष द्या म्हणून.

आमचे डॉक्टर पन्नाशीचे, पण डोक्यात एखादी कल्पना शिरली की माझ्याहून लहान होत. त्या वर्षी, म्हणजे साठ साल उजाडायच्या आसपास, त्यांच्या डोक्यात मधुमेह शिरला. "पेठेत बघ, गादीगणिक मधुमेह लोडाला टेकून बसलाय," ते म्हणायचे. "आणि तिकडे कर्नाळ्याच्या बाजूच्या डोंगरातले ठाकर! त्यांना हा रोग ठाऊकही नाही. त्यांच्या रक्तात असं काय आहे? की फक्त पायपीट आणि नाचणी?" मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांचे गुरुजी होते. त्यांनाही ही गोष्ट आवडली. त्यांनी कळवलं, वाडीवरच्या वीस जणांचं रक्त तपासून आकडे पाठवा, आणि ती हुशार मुलगी म्हणता ती कामाची असेल तर तिला वर्षभर इथे शिकवू.

वर्षभर मुंबई! डॉक्टरांनी शिफारसपत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाले, काम झालं की तुझं. वडील म्हणाले, मुंबईचं बोलावणं आलं तर जा. नाही तर वैशाखात मांडव. मी रोज झाडू मारताना खण उघडून पत्र आहे ना, ते बघत असे.

तपासणीची रीत सोपी होती. उपाशीपोटी माणसाला पेलाभर ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन तासांनी रक्त काढायचं. निरोगी माणसाची चढलेली साखर तोवर उतरते, मधुमेह असेल त्याची उतरत नाही. पाजण्याआधीही एकदा रक्त काढायला हवं होतं, पण दोनदा सुई टोचली तर वाडी रानात पळेल, असं डॉक्टरांना वाटलं. मला त्यांनी एकच गोष्ट बजावली: "प्रत्येकाच्या समोर उभी राहा. पेला रिकामा झालेला डोळ्यांनी बघ."

एका रविवारी आम्ही निघालो. डॉक्टरांची मोटार ओढ्यापर्यंत गेली, त्यातही दोनदा मी ढकलली म्हणून. पुढे डोक्यावर बर्फाची पेटी घेऊन चढण. वाडीवर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि हसूही येत होतं. एवढं मोकळं मी जन्मात कधी फिरले नव्हते.

वीस पेले भरले. पुरुष डॉक्टरांकडे बघून लाजले, बायका त्याहून लाजल्या. परक्या पुरुषासमोर तोंडाला पेला लावायचा कसा? एकेक जण पेला घेऊन झोपड्यांमागे जाऊ लागला. मी मागे जायला हवं होतं. पण एक बाई, तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींची नातसून, माझ्याच वयाची होती. तिनं माझ्या पांढऱ्या डगल्याची बटणं मोजायला घेतली. मोजता मोजता ती हसली, तिला बघून मी हसले, आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून पोट धरून हसत बसलो. मग वीस रिकामे पेले परत आले. वीस म्हणजे वीस, मी खुणा केल्या, आणि दोन तासांनी डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त काढलं.

त्या संध्याकाळी दवाखान्यात एकेका नळीत औषध घातलं. या परीक्षेत साखर जितकी जास्त तितका निळा रंग गडद येतो. आमच्या नळ्या मात्र साडीला तिसऱ्यांदा नीळ दिल्यावर बादलीत उरतं तसल्या पाण्यासारख्या, फिक्कट! डॉक्टर खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर करून नाचले. "साखर चढतच नाही यांना! अगं पोरी, हे रक्तच वेगळं आहे!" मीही नाचले. कंपाउंडर दारातून बघून निघून गेला.

विसावी नळी आजींची होती. ती शाईसारखी निळी आली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा वाडीवर. आजी काटक, सुरकुतलेल्या, दारात बसून दोऱ्या वळत होत्या. डॉक्टरांनी त्यांना दुखणं मोठं आहे असं समजावलं आणि पुढचं सगळं माझ्यावर सोपवलं. मी डगला नीट केला आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात वाडीला सांगितलं: आजींच्या जिभेला गोड लागता कामा नये. गूळ नाही, फळ नाही, काहीही गोड नाही. आठ दिवसांनी डॉक्टर येऊन साखर उतरवणारी सुई सुरू करतील, मग ती रोज घ्यायची. बायकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, काय छान सांगितलं मी!

आठवडा डॉक्टरांनी मुंबईला वाचायचा निबंध लिहिण्यात घालवला. सातव्या दिवशी, उद्या सुईआधी आजींना उपाशी ठेवू नका, हे सांगायला मी वाडीवर गेले. नातसुनेनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाय, तुमचं त्ये गोड पानी लय जड. म्हातारी दोन दिस जेवली नाय."

"एका पेल्यानं?" मी विचारलं.

"येक कसा? समद्यांचाच पयला घोट तिचा. नवं काय आलं, गोडधोड काय आलं, तिच्या तोंडाला लागल्याबिगर आमी खात नाय. मंग थोडं पोरांना, थोडं घरवाल्याला."

"आणि तू किती प्यालीस?"

"मी? बोट चाटलं."

मला आधी हसू फुटलं. आजी वीस पेल्यांपुढे बसल्यात आणि घोटामागून घोट घेतायत, पोरं रांगेत उभी आहेत, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी खालीच बसले. मग डोळे पुसता पुसता आठवलं, उद्या सुई आहे. मधुमेह नसलेल्या माणसाला ते औषध दिलं तर जीवही जाऊ शकतो, हे मी डॉक्टरांच्याच पुस्तकात वाचलं होतं. मी ताडकन उठले. "हे आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"इचारलं कोनी?" ती म्हणाली.

डोंगर उतरताना मी खोटं बोलण्याचे सगळे मार्ग शोधून पाहिले. सुई टाळायची, पण आकडे तसेच ठेवायचे, असंही काही सुचलं. ते जमण्यासारखं होतं, याची मला आजही लाज वाटते. दवाखान्यात डॉक्टर आरशासमोर उभे राहून निबंध म्हणत होते.

"डॉक्टर, मी तिथं उभी नव्हते," मी म्हणाले.

"कुठं?"

मग सगळं सांगितलं. मधेच भीतीनं मला हसू आलं, तरी ते रागावले नाहीत. स्टुलावर बसले आणि दोनदा म्हणाले, "उद्या मी तिला सुई देणार होतो." मग निबंधाची घडी घातली, खण उघडला, आणि पत्र काढून पुन्हा वाचलं. "हे पाठवता येणार नाही गं. यात मी लिहिलंय की ही मुलगी डोळ्यांत तेल घालून काम करते."

"नाहीच येणार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजींचं उपाशीपोटीचं रक्त आणलं आणि तपासलं. फिक्कट, इतरांसारखंच. दुपारच्या उन्हात आम्ही परत डोंगर चढलो. डॉक्टर पुढे होईनात, म्हणून मीच आजींपुढे जाऊन बसले. "आजी, चूक माझी झाली. तुम्हाला काही झालेलं नाही. सगळं खा."

"समदं?"

"सगळं."

"मधबी?"

"मधही."

त्या हसल्या नाहीत. मान वळवून त्यांनी नुसती हाक मारली, आणि कुठून कुठून पोरं धावत सुटली. त्यांच्यामागून मोठी माणसंही आली. नातसुनेनं आढ्याला टांगलेलं मडकं खाली घेतलं. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं होतं. मी विचारलं, हे काय?

"आठ दिस झालं मध उतरवून," ती म्हणाली. "हिला तुमी बंद केलंत, मंग आमी कसा चाखावा? पोरं रडली, पन कोनी बोट नाय लावलं."

आजींनी बोट बुडवून तोंडात घातलं. सगळी वाडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी मान हलवली, आणि मग जो काही कल्लोळ झाला! पोरं मडक्यावर पडली, एकमेकांचे कोपर चाटू लागली, डॉक्टरांच्या चष्म्याला मध लागला आणि त्यांना ते कळलंही नाही. कोणीतरी माझ्या तोंडात पोळ्याचा तुकडा कोंबला. मी हसत होते आणि रडत होते, कारण ती बंदी माझ्या तोंडून गेली होती, आणि एवढ्याएवढ्या पोरांनी ती आठ दिवस पाळली होती.

पत्राचं वाईट वाटायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.