भाऊजींची मांडामांड

देवाने आमच्या धाकट्या दिरांना कीबोर्ड वाजवण्यासाठी नव्हे, तर तो मांडण्यासाठी जन्माला घातलं, याबद्दल आमच्या खानदानात दुमत नाही. वाजवतातही बरं, उगाच खोटं कशाला बोलू? पण वाजवणं म्हणजे त्यांच्या लेखी जेवणानंतरची बडीशेप. खरं जेवण ती मांडामांड. तुर्भ्याच्या कारखान्यात दिवसपाळी करायची आणि सुट्टीच्या दिवशी हळदी, बारशी, साखरपुडे, सोसायट्यांचे कार्यक्रम वाजवणाऱ्या एका बँडबरोबर जायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर हे सकाळी आंघोळ करून निघतात. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात खाली आम्ही आणि वर ते, त्यामुळे निघण्याचा सगळा सोहळा माझ्याच दारातून जातो. जिन्यावरून एकेक कीबोर्ड असा उतरतो की आमच्या सासूबाईंना पाय मोडल्यावर दवाखान्यात नेलं तेव्हाही कुणी इतकं जपलं नव्हतं. "वहिनी, दार धरा. आणि तो पंखा बंद करा जरा." अहो, पंखा कशाला? तर म्हणे, "समजा वाऱ्याने कव्हर उडालं, समजा ते माझ्या तोंडावर आलं, आणि समजा माझी पायरी चुकली!" भाऊजींचं सगळं आयुष्य या 'समजा'वर उभं आहे. सरळ घडणारी एकही गोष्ट त्यांना माहीत नाही. आणि गंमत अशी की आजवर यांतलं एकही 'समजा' घडलेलं नाही. त्याचंही श्रेय ते स्वतःकडेच घेतात.

एक कीबोर्ड पुरत नाही, हे मी समजू शकते. एकावर सनई, एकावर ढोल-ताशा, एकावर बासरी, असं काहीबाही लागत असेल. पण भाऊजींचे चार आहेत. दोन समोर, वर-खाली. एक डावीकडे, एक उजवीकडे. स्टँडची उंची ते बेंबीवरून मोजतात. दिवाळीचा फराळ झाला की बेंबी जागची हलते, म्हणून भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी ते वरच्या खोलीत सगळे स्टँड उघडून नव्याने मापं घेतात आणि त्या दिवशी माझ्या जावेला स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायला वाट उरत नाही. बटणांवर खुणा म्हणून टिकल्या लावलेल्या. लाल टिकली म्हणजे सनई, हिरवी म्हणजे बासरी, चमकी असलेली म्हणजे काहीतरी फार खास. जाऊ बिचारी सणासुदीला टिकलीचं पाकीट उघडते तर आत नुसता पुठ्ठा. एकदा वैतागून तिने कीबोर्डवरचीच एक लाल टिकली काढून कपाळाला लावली आणि हळदीकुंकवाला निघून गेली. दुसऱ्याच दिवशी घणसोलीच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, भाऊजींनी सवयीने बोट ठेवलं आणि सनईऐवजी आगगाडीचा भोंगा वाजला. नवरदेव दचकून मागे सरला, हार वधूच्या काकाच्या गळ्यात. घरी आल्यावर भाऊजी जावेला रागावले नाहीत हो. फक्त सुस्कारा टाकून मला म्हणाले, "एक टिकली हलली की संसार हलतो, वहिनी."

आणि विजेवर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. कुठल्याही हॉलमध्ये गेले की आधी यजमानांना नमस्कार नाही, चहा नाही, खिशातला टेस्टर काढून भिंतीच्या प्रत्येक भोकात घालून बघणार. जासईला एका हळदीच्या वेळी मैदानात मांडव होता. स्पीकरमधून सारखी घूं घूं यायला लागली. अर्थिंग नीट नाही, असं निदान करून, ओल्या मिठाने वीज जमिनीत नीट उतरते म्हणत भाऊजींनी मीठ मागवलं. मिठागरांच्या गावच्या बायका त्या, त्यांनी घमेलंभर आणून दिलं. भाऊजींनी अर्थिंगची तार पुरलेल्या खड्ड्यात मीठ टाकलं, वरून कळशीभर पाणी ओतलं आणि डोळे मिटून आवाज ऐकत उभे राहिले. बायकांना वाटलं, हा माणूस मांडवाची दृष्ट काढतोय. एक आजी लगबगीने सुक्या मिरच्या घेऊन आली. "निस्त्या मिठान काय व्हतं? यापन टाक," म्हणाली आणि तिनेच त्या खड्ड्यात टाकल्या. घूं घूं थांबली. आता मिठाने थांबली की मिरच्यांनी, हे कोण सांगणार? भाऊजींच्या सामानात तेव्हापासून मिठाच्या पुडीबरोबर मिरच्यांचीही पुडी असते. विचारलं तर म्हणतात, "समजा मिरच्यांनीच थांबली असेल तर?"

पण सगळ्यात कहर म्हणजे त्यांचा किल्ला. समोर दोन कीबोर्ड, बाजूंना एकेक, हे झालं. मग पाठ उघडी राहते. मागून कुणी येऊन, समजा, वायरीत पाय अडकवला तर? म्हणून पाठीमागे कीबोर्डच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचायच्या, त्यांना पट्टे आवळायचे, सगळ्या वायरी एकत्र बांधायच्या. भाऊजी आधी मध्ये उभे राहतात आणि मग स्वतःभोवती हे बांधकाम करतात. एकदा आत गेले की कार्यक्रम संपून सगळं उलट्या क्रमाने सुटेपर्यंत बाहेर येणं नाही. चहा द्यायचा तर वरून नाही, सांडेल, म्हणून स्टँडच्या खालून हात घालून, तुरुंगात देतात तसा. बँडचा गायक उरणकडचा आगरी गडी, मोठा तोंडाळ. एकदा बारशाला बाळ रडून झोपलं, झोपून उठलं, तरी भाऊजींचं आवळणं चालूच. तेव्हा तो माईकवरून म्हणाला, "दादा, आपुन बारशाला आलोय. का या पोरीच्या लग्नालाच वाजवाचा हाय?"

आता हसायला येतं, पण या किल्ल्याची झळ बसली ती एकट्या तेजूला. तेजू म्हणजे भाऊजींची एकुलती एक लेक. घरचं कार्य म्हटलं की बँड घरचाच, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाढदिवसाला, दहावी पास झाल्यावरच्या पार्टीला, पप्पा आपले किल्ल्यात. तिच्या फोटोंमध्ये भाऊजी आहेत, पण छातीपासून वर आणि पार मागे. केक भरवायला ती किल्ल्यापाशी गेली तर, "थांब थांब, क्रीम सांडेल," म्हणून हेच मागे सरायचे. ऐरोलीला मोठ्या कंपनीत लागली, लग्न ठरलं, मुलगा नागपूरचा, म्हणजे पोर पार लांब जाणार. हळदीच्या तयारीची बोलणी चालली होती, कॅटरर, हॉल, साड्या, आणि तेजू एकदम म्हणाली, "पप्पा, मला दुसरं काही नको. हळदीला तुम्ही वाजवायचं नाही. माणसांत बसायचं. माझ्या बाजूला." भाऊजी म्हणाले, "समजा..." ती म्हणाली, "समजा वगैरे काही नाही. बसायचं म्हणजे बसायचं." त्यांनी मान डोलावली. बँडने त्या दिवसापुरता वाशीचा एक बदली कीबोर्डवाला ठरवला आणि मी जावेला म्हटलं, बघ गं बाई, देव आहे.

हळदीच्या दिवशी भाऊजी झब्बा घालून, केस विंचरून, अगदी वेळेवर हॉलमध्ये आले. खुर्चीवर बसले. हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून बगलेत धरून बसले. सगळं सुरळीत चाललं होतं हो! तेवढ्यात तो बदली कीबोर्डवाला आला. पोट सुटलेला, हसतमुख, साधाभोळा गृहस्थ. त्याने पिशवीतून एक कीबोर्ड काढला आणि तो ठेवायला म्हणून काय उघडावं? इस्त्रीचं टेबल. घरातलं, फुलाफुलांच्या कापडाचं. त्यावर कीबोर्ड ठेवला आणि वाजवायला लागला. प्रत्येक सुराबरोबर टेबल डुलायचं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या वडिलांच्या दहाव्यालाही पाहिलं नव्हतं. "वहिनी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी फक्त एक स्टँड देऊन येतो." मी म्हटलं, "भाऊजी, बसा." "फक्त स्टँड. आलोच." बँडचा टेम्पो बाहेर उभा होताच आणि त्यात यांचं सगळं सामान नेहमीसारखं. कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही.

इकडे माझी धावपळ. नागपूरहून येऊन वाशीला उतरलेले मुलाकडचे उष्टी हळद घेऊन आले, त्यांना पाणी विचार, सरबत दे, सुवासिनींना बोलव. तेजू पिवळ्या साडीत पाटावर बसली, काय गोड दिसत होती म्हणून सांगू! एकेकीने हळद लावली, आत्या झाली, मावशी झाली, मी लावली, तिच्या आईने लावली आणि सगळ्यांनी बापाला हाका मारल्या. बाप कुठे? स्टेजकडे बघते तो काय, किल्ला उभा! स्टँडवर कीबोर्ड, कीबोर्डवर कीबोर्ड, पाठीमागे पेट्या, पेट्यांना पट्टे आणि मधोमध आमचे भाऊजी, शेवटची वायर आवळताहेत. तो बदली गृहस्थ आपलं इस्त्रीचं टेबल कुशीत घेऊन बाजूला उभा. अहो, स्टँड दिल्यावर त्यांना वाटलं, आपलाच कीबोर्ड लावून द्यावा. एक लावला तर दुसरा. आणि हात एकदा सुरू झाले की त्या माणसाला आपण कुठे आहोत, कशाला आलोय, काही भान राहत नाही. मी तेजूकडे वळले. मला वाटलं आता ही भडकणार. भडकली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हसली आणि म्हणाली, "राहू दे काकू. ते तिथेच बरे."

मी तरातरा स्टेजवर गेले. "भाऊजी, बाहेर या." ते दचकले. इकडे तिकडे बघितलं, पाटावर बसलेली लेक दिसली आणि चेहरा खर्रकन उतरला. "वहिनी, आता उघडायचं तर क्रम आहे. आधी मागचे पट्टे, मग वायरी..." मी म्हटलं, "क्रम गेला खड्ड्यात! तिकडे पोर म्हणतेय, राहू दे, ते तिथेच बरे." त्यांनी विचारलं, "असं म्हणाली?" मी म्हटलं, "असंच म्हणाली."

यावर एकही 'समजा' न बोलता तो माणूस खाली बसला आणि स्टँडच्या खालून सरपटत बाहेर यायला लागला. वाट ती केवढी? चहाचा कप जाईल एवढी. डोकं आलं, एक खांदा आला आणि पोटाशी गाडी अडकली. आधाराला त्यांनी हात वर टाकला तो थेट कीबोर्डवर. स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलाकडच्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी घाबरून हात सरकवला, कुत्रं भुंकलं. परत सरकवला, हेलिकॉप्टर. गायकाने एक दंड धरला, बदली गृहस्थाने टेबल टाकून दुसरा धरला, "वढ रं, जोर लाव!" आणि त्या हेलिकॉप्टरच्या घरघरीत आमचे भाऊजी बाहेर पडले. झब्बा खांद्यापाशी फाटलेला, गुडघे धुळीने पांढरे. हसून हसून लोकांचे डोळे पाण्याने भरले. माझेही भरले, पण माझे हसूनच भरले असं मी म्हणणार नाही.

ते तेजूपुढे जाऊन बसले. हळदीच्या वाटीत बोटं बुडवली, मग थांबले, वाकून पाटाखाली बघितलं आणि म्हणाले, "हलतोय." खिशातून चिठोऱ्याची घडी काढून पाटाच्या एका पायाखाली सारली, दाबून खात्री केली आणि मग दोन्ही हातांनी लेकीच्या गालांना हळद लावली. तेजू हसता हसता रडायला लागली. ते तसेच गालांवर हात धरून बसले. शेवटी तिनेच त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

किल्ल्यात आता कुणालाच जाता येत नव्हतं, म्हणून बदली गृहस्थाने पुन्हा इस्त्रीचं टेबल उघडलं. गाणं सुरू झालं. टेबल डुलत होतं, पण भाऊजींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते. जरा वेळाने माझ्याकडे वाकून म्हणाले, "वहिनी, समोरून असं ऐकू येतं होय?"

"कसं?" मी विचारलं.

"छान," ते म्हणाले. मग डोळे उघडून किल्ल्याकडे बघत, "मी इतकी वर्षं मागेच होतो."

तेजूने ते ऐकलं. तिने आपल्या हळदीच्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "आता उठायचं नाही, पप्पा."

"नाही उठत," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि पोर नागपूरला गेली. पण त्या संध्याकाळी, शेवटचा पाहुणा जेवून जाईपर्यंत, भाऊजी तिच्या बाजूच्या खुर्चीवरून उठले नाहीत.