बर्फाला घाम फुटू द्या!

आमच्या विहीणबाई बर्फाला घाम फुटायची वाट बघायच्या. थट्टा नाही, खरंच! लसींच्या कोठारात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. व्याही-विहीण आम्ही फार नंतर झालो. तेव्हा त्या नुसत्या ‘बाई’.

रोज सकाळी फ्रीजरमधून बर्फाच्या चपट्या बाटल्या काढून त्या टेबलावर मांडायच्या. बाहेरून घाम फुटला की एकेक कानाशी धरून हलवायच्या. आत पाणी वाजलं, तरच ती बाटली लसीच्या पेटीत. म्हणायच्या, “उन्हानं लस बिघडते हे शेंबडं पोरही सांगेल. गोठूनही मरते, हे मात्र कुणाच्या टाळक्यात शिरत नाही.”

माझ्या तरी कुठे शिरलं होतं? डोंगरावरच्या शिबिराला निघायचं होतं, बाई फोनवर अडकल्या होत्या. मी बघितलं, टेबलावरचा बर्फ विरघळतोय! म्हटलं, हात लावू जरा. जितका कडक बर्फ, तितकी लस ठणठणीत! फ्रीजरमधल्या दगडासारख्या बाटल्या काढल्या, पेटी भरली आणि छाती फुगवून म्हणालो, “चला बाई, सगळं तयार!” त्यांना वाटलं, टेबलावरच्याच भरल्या.

दोन तासांनी शिबिरात पेटी उघडली. ओसरीवर चाळीस आया बाळं घेऊन बसलेल्या. बाईंनी हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

“ह्या बाटल्या कुठल्या हो?”

“ताज्या! तुमच्या वितळायला लागल्या होत्या ना.”

बाईंनी बर्फाला चिकटून गोठलेली लसीची एक कुपी तळहातात धरून वितळवली, दुसरी पेटीच्या मधली घेतली. दोन्ही हलवून खिडकीत ठेवल्या. बघता बघता दोन्हींच्या तळाशी नासक्या दुधासारखा गाळ बसला. गोठलेली लस अशीच फाटते; म्हणजे मधल्यासुद्धा गेल्या.

डॉक्टर कुजबुजले, “बाई, आज यांना परत पाठवलं तर पुन्हा फिरकणार नाहीत. औषध गार आहे ना? टोचून टाकू.”

“गार आहे साहेब, पण मेलेलं आहे. बाळ रडेल, आई निर्धास्त होईल, आणि ते निर्धास्त होणं खोटं असेल. मी नाही देणार.”

मग ओसरीवर जाऊन म्हणाल्या, “आमच्या हातून लस गोठली. दुसरी आणते. थांबाल?”

मला राहवलं नाही. “आमच्या नाही, माझ्या हातून!”

एक आजी म्हणाली, “पोरांना सर्दी करायला निघाला होतास का रे बाबा?” सगळ्या हसल्या. पण थांबतील असं कुणी म्हणालं नाही.

कोठारात परतलो तेव्हा मी नुसता चुळबुळत होतो. बाईंनी बाटल्या मांडल्या आणि शांतपणे स्टूल ओढून बसल्या. “बसा. बर्फाला घाई कळत नाही.” घाम फुटला तशी एक माझ्या कानाशी धरली. “ऐका.” ऐकलं! मगच पेटी भरली, नेहमीसारख्या वीसेक जास्तीच्या लसी घालून.

डोंगर चढताना मनात एकच. ओसरी रिकामी असेल तर?

मोजलं, तर चाळिसाच्या सत्तेचाळीस झालेल्या! पलीकडच्या वस्तीवरची, कधी न आलेली एक बाई पुढे झाली. “बिघडलेलं औषध टोचत नाही ती बाई कोण?”

“मीच,” विहीणबाई बाह्या सारत म्हणाल्या. “बाळाचा पाय घट्ट धरा.”