फुली न टाकलेली पावलं

वेन्सेल माझा धाकटा भाऊ. एकसष्ट वर्षांचा घोडा झाला, पण तोंड अजून आवरत नाही. डोंगरवाटेवरच्या खडकांवर लाल गोल आणि मधे पांढरा ठिपका रंगवायचं काम तो तीस वर्षं फुकट करतोय. मागून रंगाचा डबा घेऊन मी. दुसरं कोण जाणार? त्याच्या शिव्या ऐकायला माणूस घरचंच लागतं.

मे महिना म्हणजे त्याच्या रागाचा हंगाम. खाली कुरणात फुलं, आणि वर सावलीतल्या घळीत अजून कमरेएवढा बर्फ. खुणा सगळ्या त्याखाली. मग लोक आधीच्या माणसाची पावलं बघून चालतात. म्हणून आमच्याकडे रीत आहे: बर्फावर वाट चुकून परत आलात, तर जिथे चुकलात तिथे झुडपाच्या दोन फांद्यांची फुली टाकायची. मागचा फसू नये. वेन्सेल तर म्हणायचा, फुली न टाकणाऱ्याला कड्यावरून ढकलून द्या.

त्या सकाळी आम्ही घळीशी पोहोचलो तर पावलं वाट सोडून उजवीकडे, कड्याच्या अंगाला गेलेली. फुलीबिली काही नाही.

"हा कोण गाढवाचा..." म्हणता म्हणता तो थांबला. कड्याकडून कुणीतरी हाक मारत होतं.

पोरगी होती, विशीतली. पायात पळायचे बूट. टणक बर्फाच्या उतारावर एका झुडपाला दोन्ही हातांनी धरून बसलेली. तिच्या खाली दोन हातांवर बर्फ संपत होता, आणि पुढे नुसती दरी. मी दोराचं एक टोक झाडाला बांधलं. वेन्सेल कुदळीने पायऱ्या खोदत तिच्यापर्यंत गेला, दोर तिच्या कमरेला बांधला आणि एकेक पाऊल टाकायला लावत तिला परत आणलं. अर्धा तास माझ्या जिवात जीव नव्हता.

सपाटीवर टेकल्याबरोबर त्याने तोंड सोडलं. "हे बूट? नाचायला आली होतीस? अक्कल शहरात, ल्युब्ल्यानात ठेवून आलीस का? तुमची प्रेतं आम्ही उचलायची?"

"मी पावलांवरून गेले, काका," तायदा रडत म्हणाली. तिचं हे नाव. "फुली नव्हती. फुली बघून चालायचं, हे बाबांनी शिकवलंय मला."

माझं लक्ष बर्फाकडे गेलं. तिच्या लहान पावलांखाली मोठी पावलं होती, विरघळून पसरलेली, पुन्हा गोठलेली. प्रत्येक डाव्या पावलाशेजारी काठीचं भोक. डाव्या हातात काठी धरून चालणारा आमच्या गावात एकच. तीन दिवसांपूर्वी तो एकटा वर आला होता. "धुकं होतं, परत फिरलो," एवढंच घरी सांगितलं होतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "वेन्सेल, खाली बघ. कुणाची पावलं आहेत ही?"

त्याने बघितलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"वाट चुकलास ना? मग दोन फांद्या तोडायला हात मोडले होते?"

"यंदा अजून वर मीच तेवढा आलो होतो, ताई," तो पुटपुटला. "फुली दिसली असती तर अख्खं गाव म्हणालं असतं, खुणा रंगवणाराच चुकला."

"आणि त्यापायी ही मेली असती, मेल्या!"

तायदाने डोळे पुसले. "जाऊ दे, काका. तुम्ही आलात म्हणून वाचले. तुमचे उपकार..."

"उपकार?" तो ओरडला. "खबरदार माझे आभार मानलेस तर! मघाशी मी तुला बोललो ना, तसं बोल मला. बोल!"

ती उठून उभी राहिली.

"दोन तास," ती म्हणाली. "दोन तास मी त्या झुडपाला धरून होते! बोटं आहेत की नाहीत कळत नव्हतं. आईला कोण सांगेल, एवढंच डोक्यात. आणि तुम्ही माझी अक्कल काढता? लाज नाही वाटत, म्हाताऱ्या?"

मग ती थांबलीच नाही. काही शिव्या तर मलाही नव्या होत्या. वेन्सेल टोपी काढून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचं बोलणं मधे तोडलं नाही. मीही तिला आवरलं नाही.