दादाचा मखमली कोट

सेठ, माझ्या दादाच्या फोटोखालून ते हात जोडलेले इमोजी आधी काढा.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून लोक मेसेज करून राहिले. सगळ्यांचे आभार. या एका माणसाचे नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

दादा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. सेठ त्या बँडचे मालक. मी दादाची धाकटी बहीण, आमगावला टेलरिंग करते. कोट, सफारी, पॅन्ट. बाईच्या हातचा कोट बसत नाही म्हणणारेही आता माझ्याकडेच येतात, असो.

मागच्या सीझनच्या आधी सेठला सगळ्या बँडचे नवीन ड्रेस पाहिजे होते. दादा म्हणाला, माझ्या बहिणीला विचारा. म्हणून आम्ही तिघं गोंदियाच्या मार्केटला गेलो.

मी कापड काढलं. कॉटन जास्त, पॉलिस्टर थोडं, हलका बदामी रंग. रोज धुवा, रोज घाला, लवकर फाटत नाही. अस्तर फक्त खांद्यापुरतं, पाठ मोकळी. उन्हात उभं राहून वाजवणाऱ्याला अजून काय पाहिजे?

दादाची एक सवय होती. कुठलंही कापड घेताना तोंडाला लावून फुंकर मारायचा. पलीकडे हाताला हवा लागली तर पास.

सेठनं उचलली मरून मखमल. कसली मखमल, प्लास्टिकच ते.

दादानं फुंकर मारली. गाल फुगले, डोळे बाहेर आले. पलीकडे काहीच नाही.

"सेठ, हे तं हवाच पास करत नाही."

"अरे, पार्टी चमक देखती है. व्हिडिओ में कैसा दिखेगा वो बोल. और देख कितना मोटा है, दस साल नहीं फटेगा."

मी म्हटलं, "सेठ, जाड असलं म्हणून मजबूत नसते. घाम मुरला की काखेतली शिलाई पहिल्याच सीझनला जाते. आणि कापड टिकलं अन् माणूसच नाही टिकला, तर काय करता?"

"अपशकुन मत बोल बाई."

मी शिवायला साफ नकार दिला. सेठनं रायपूरहून रेडिमेड आणले. आतून पूर्ण अस्तर, वरून सोनेरी पट्टी, गळ्यापर्यंत बटन.

घरी दादाशी भांडले. "घालू नको म्हणते ना! काऊन ऐकत नाहीस?"

"नाही म्हटलं तं सीझनमधून काढून टाकतीन. मंग खाऊ काय?"

आणि वरून हसला. त्या हसण्याचा अजून राग येतो मला.

मे महिना. कोहमारा गावची वरात. भर दुपार.

नवरदेव एसी गाडीत. नाचणाऱ्यांच्या हातात थंड पाण्याच्या बाटल्या. दादानं गळ्याचं बटन सोडलं.

तर सेठ स्वतः जवळ आले. "बटन लगा. शूटिंग चालू है."

हे मला दादाच्या शेजारी वाजवणाऱ्यांनी सांगितलं आहे, तेव्हा कमेंटमध्ये येऊन खोटं बोलू नका.

दादानं बटन लावलं. अजून वाजवलं. मग रस्त्यातच खाली बसला.

दवाखान्यात कोट अंगावरून निघता निघेना म्हणे, अस्तर पाठीला चिकटलं होतं. मी पोचले तोवर दादा गेला होता. कोट बाजूला पडलेला, ओलाकच्च.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

सेठ गावभर सांगत फिरतात, हार्टचा त्रास होता. वा रे वा! घरच्यांना माहीत नव्हतं आणि तुम्हाला माहीत होतं?

माती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सेठचा माणूस येऊन कोट घेऊन गेला. बँडची वस्तू ना.

परवा तोच कोट माझ्या दुकानात आला.

घेऊन कोण आला? दादाचा मुलगा. माझा भाचा. बापाच्या जागी सेठनं त्याला घेतलं.

"आत्या, खांदे कमी करून दे ना. मले ढिला होते."

काखेत मिठाचे पांढरे डाग तसेच होते. वर्षभरात धुतलासुद्धा नाही! लाज वाटत नाही का हो?

"हा कोट कोणाचा आहे, माहीत आहे का तुले?"

"माहीत आहे. आई रडन म्हणून घरी नाही नेला."

मी मशीनवरच डोकं टेकलं. रडले. मग येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या.

सेठ, आता तुमचं ऐका. तुमच्या दोन सफारी मी शिवल्यात. कापड तुम्हीच आणलं होतं, भारीतलं लिनन. आणि काय म्हणाला होतात? "बाई, अस्तर मत डालना, गर्मी बहुत है."

म्हणजे तुम्हाला सगळं समजत होतं.

भाचा वाजवेल. बापानं शिकवलंय त्याला. पण कॉटनचा शर्ट-पॅन्ट घालून वाजवेल, मी शिवलाय. बाकीचे वाजवणारेही काल माप देऊन गेले. काढायचं असेल तर सगळ्यांना काढा आणि वाजवा मग तुम्हीच ढोल.

कोट मी कापला नाही. काळजी करू नका, तयार आहे. शिलाईच्या आत दुमडलेला दाब उसवून सैल केला, पोटाला तरी कमी पडला, म्हणून पाठीत जोड दिला. तुमचं माप होतंच माझ्याकडे.

आज दुपारी घरी दादाच्या आठवणीत पुण्यानुमोदन आहे. श्रद्धांजली वाहायचीच असेल तर दुकानातून तो कोट घ्या, अंगात घाला, गळ्यापर्यंत बटन लावा आणि आमगाव स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत चालत या.

मी दारात पाणी घेऊन उभी राहते. तेवढी माणुसकी आमच्यात आहे.

दादा, तुझा मुलगा तो कोट घालणार नाही.

जयभीम, दादा.